अफरीनचा अकरावा नंबर

तन्मयचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. आमच्या तिघांच्या जुन्या ग्रुपवर तीन वर्षांत कुणी काही लिहिलं नव्हतं. ‘अफरीन गेली.’ मी वेड्यासारखं विचारलं, ‘कुठे?’ ... साध्या तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. त्याला आता दीड महिना होत आला. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण नेमक्या कोणत्या अफरीनबद्दल लिहायचं, हे मला अजून कळत नाहीये.

मी अमरावतीहून पुण्यात शिकायला आले, कर्वेनगरात राहायचे. कॉलेजात पहिल्याच दिवशी शेजारी येऊन बसली ती अफरीन. पक्की पुणेकर. कमी बोलायची, पण बोलली की समोरचा गप्प. ‘माझं उत्तर जवळजवळ बरोबर आलंय,’ असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, ‘त्याला आमच्याकडे चूक म्हणतात.’ तरीही माझं कोणाशी जमलं असेल तर तिच्याशीच.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या डेटा सायन्स स्पर्धेत आम्ही दोघी आणि तन्मय अशी टीम केली. शहरातल्या बसथांब्यांची जुनी आकडेवारी दिली होती. त्यावरून त्याच्या पुढच्या महिन्यात कुठल्या थांब्यावर किती प्रवासी आले असतील याचा अंदाज बांधायचा; खरे आकडे परीक्षकांकडे होते. जिंकणाऱ्या टीमला एका मोठ्या कंपनीत थेट मुलाखत मिळणार होती आणि मला ती मुलाखत फार हवी होती. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर आमचं नाव सगळ्यांत वर आलं. स्वारगेटच्या गर्दीचा आकडासुद्धा अचूक! मी बाहेर पळत जाऊन बाबांना फोन केला. जेवून परत येते तर आम्ही अकरावे.

झालं होतं असं, की दिलेल्या फाइलमध्ये एका भलत्याच नावाच्या कॉलमखाली त्या पुढच्या महिन्याची खरी तिकीटविक्री चुकून राहून गेली होती. आमच्या मॉडेलनं अंदाज बांधलाच नव्हता, उत्तरं बघून लिहिली होती. हे अफरीनच्या लक्षात आलं आणि तिनं सरळ परीक्षकांना जाऊन सांगितलं. त्यांनी तो कॉलम सगळ्यांसाठीच बाद केला.

‘आम्हाला विचारायचं तरी होतंस!’ मी ओरडले.

‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.’

तेव्हा ते मला उद्धटपणाचं वाटलं. आता वाटतं, ती त्याहून जवळचं माझ्याशी कधी काही बोललीच नसेल... की हे मी आता माझ्या सोयीनं ठरवते आहे? बाबांना पुन्हा फोन करून खरं सांगताना जी लाज वाटली, तिचा राग मी अफरीनवर काढला. नंतर आम्ही बोललोच नाही. एका वाढदिवसाला तिचा लांबलचक मेसेज आला होता. मी नुसता अंगठा पाठवला.

महिन्यापूर्वी तन्मयबरोबर तिच्या घरी गेले. खाली तिच्या अब्बूंचं फोटोफ्रेमचं दुकान, वर घर. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि अचानक विचारलं, ‘त्या स्पर्धेत पहिला नंबर आलेली टीम, ती तुमचीच ना? अफरीन सांगायची नेहमी. अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते मी.’

तन्मय माझ्याकडे बघायला लागला. ‘हो, काका. आमचीच,’ मी म्हटलं.

परीक्षकांशी खोटं न बोलणारी मुलगी बापाशी खोटं बोलली? की सकाळचे ते चार तास आम्ही पहिले होतो, तेवढंच तिनं सांगितलं? का मला बाबांना फोन करताना पाहून तिलाही कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि मग ते परत घ्यायला जमलं नाही? विचारायला आता कुणी नाही.

अब्बूंनी भिंतीवरची एक फ्रेम काढून माझ्या हातात दिली. पट्टी त्यांनीच कापलेली, काच त्यांनीच बसवलेली. आत स्पर्धेचं प्रमाणपत्र, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘सहभागाबद्दल’. आयुष्यभर लोकांची प्रमाणपत्रं मढवणारा माणूस. त्यांनी ते वाचलं नसेल असं होणंच शक्य नव्हतं. मी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. फ्रेम परत घेऊन त्यांनी सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, खिळ्यावर अडकवली आणि दोन पावलं मागं सरकून पाहिली.

‘सरळ आहे ना, बेटा?’

मी हो म्हटलं.