मनोगताचं पान

दुपारचा कढीभात अंगावर आला आहे आणि अक्काचं नवंकोरं पुस्तक माझ्या छातीवर उपडं पडलं आहे. संध्याकाळी विद्यापीठाची गाडी मला न्यायला येणार आहे. प्रकाशन समारंभ आहे. कुलगुरूंच्या हातून पहिली प्रत घ्यायची, हार घालून घ्यायचा आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच माझं काम. अक्का आता नाही, म्हणून धाकटी बहीण. मला मुळीच जायचं नाही. पंखा गरगरतो आहे आणि माझे डोळे जड होत आहेत.

पंख्याची घरघर हळूहळू छपाईच्या मशीनची होते. मी विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात उभी आहे. खोलीभर सुतळीनं बांधलेले गठ्ठे आहेत, ताज्या शाईचा वास आहे, आणि एका गठ्ठ्यावर अक्का बसली आहे. इरकली नेसलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. आता मेल्यावर हिला चष्मा कशाला लागतो, असं माझ्या मनात येतं, पण मी विचारत नाही.

"आलं का गं पुस्तक, बेबी?" ती म्हणते.

मला बेबी म्हणणारं आता जगात कुणी उरलेलं नाही.

"आलं," मी म्हणते.

ती मान हलवते. काही उतावीळपणा नाही, काही नाही. आयुष्यभर विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवलं आणि सुट्टी लागली की एसटीनं खेड्यापाड्यांत जाऊन सुईणींजवळ बसली. कळांना त्या काय म्हणतात, पोटात मूल आडवं असेल तर त्याला कुठला शब्द, मुलामागून वार पडायला उशीर झाला तर काय बोलतात, ही सगळी भाषा तिनं गोळा केली. तिचं पुस्तक वर्षानुवर्षं तयार पडून होतं. पण आमच्या विद्यापीठाची रीत अशी, की पुढे कुलगुरूंचं मनोगत असल्याशिवाय एकही पुस्तक बाहेर जात नाही. एका कुलगुरूंनी लिहिलं, तोवर त्यांची मुदत संपली. ते काढलं. दुसऱ्यांना वेळच झाला नाही. तिसऱ्यांच्या कारकिर्दीत अक्काच गेली. चौथ्यांनी मात्र भरभरून लिहिलं आहे मेल्यानं, कोटातल्या फोटोसकट.

"आणि बायकांची नावं?" अक्का विचारते.

मी ऐकलंच नाही असं दाखवते. कागद फार चांगला वापरलाय, बांधणी पक्की आहे, मुखपृष्ठाचा रंग तुझ्या त्या डाळिंबी साडीसारखा आहे, असं काहीबाही सांगत सुटते. अक्का कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेते आणि माझ्याकडे बघते. लहानपणीही ती अशीच बघायची आणि मग मला खरं बोलावंच लागायचं.

गठ्ठे नाहीत आता. शेणानं सारवलेली खोली आहे, कोपऱ्यात ओवा-शेपांची धुरी आहे, बाजेखाली शेगडी आहे. ही नागरबाई सुईणीच्या गावातली बाळंतिणीची खोली. एका उन्हाळ्यात मी अक्काबरोबर इथे आले होते. नागरबाई तेव्हा हात धूत म्हणाली होती, "माझ्या हातानं आख्खं गाव जलमलं बाई, पर कुण्या कागदावर माझं नाव न्हाई." अक्कानं तिथल्या तिथे तिला शब्द दिला होता, की माझ्या पुस्तकात तुझं नाव असेल. पुढे तिनं प्रत्येक सुईणीला तोच शब्द दिला आणि ऋणनिर्देशाच्या पानावर सगळ्यांची नावं गावांसकट घातली.

नागरबाई अजून आहे. आज सकाळीच तिचा फोन आला होता. समारंभाला ती नातीला घेऊन एसटीनं येते आहे. नात पुस्तक उघडून तिला तिचं नाव दाखवणार आहे. मी फोनवर "या" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"बेबी, नावं," अक्का म्हणते.

"काढली," मी म्हणते. "ते पान काढलं त्यांनी."

मग मी सगळं ओकून टाकते. कुलगुरूंचं मनोगत एक पान वाढलं. प्रकाशन विभागातले निटुरे मला म्हणाले, ताई, छपाईचा फर्मा सोळा पानांचा असतो, एक पान जास्त झालं तर सगळं गणित बिघडतं, जागाच नव्हती, काहीतरी काढावं लागणार होतं. साहेबांचं कसं काढणार? आणि त्या साहेबांनी काय लिहिलं आहे, तर म्हणे डॉ. मालन बिराजदार यांनी परिचारिकांची मोठी सेवा केली. पुस्तक उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. मला इतका संताप येतो, की धुरीच्या धुरात माझे डोळे वाहू लागतात आणि मी ते पुसत नाही.

अक्का रडत नाही. बाज आता व्यासपीठावर आहे, मागे फलक आहे, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आहेत. अक्का बाजेच्या कडेला सुईणीसारखी उकिडवी बसली आहे आणि कोपरापर्यंत हात धुते आहे.

"जागा नव्हती म्हणाला?"

"हो."

"अडलं की हात घालून जागा करायची असते. नागरबाईनं मला पहिलं तेच शिकवलं." ती माझा हात धरते. तिचा हात ओला आहे, गरम आहे. "घाबरू नको. ओढ."

मी ओढते.

खाली गाडीचा हॉर्न वाजतो आहे. मी दिवाणावर उठून बसले आहे, पदर घामानं भिजला आहे. पुस्तक मांडीवर उघडं पडलं आहे आणि माझ्या मुठीत एक पान आहे, शिलाईपासून सरळ फाटलेलं. मूठ उघडते, तर कोटातले कुलगुरू चुरगळून माझ्याकडे बघत आहेत. अंगठ्याला कागदानं कापलं आहे, रक्ताचा बारीक थेंब आला आहे.

विद्यापीठाच्या गोदामात बाकीच्या साऱ्या प्रती तशाच्या तशा आहेत, हे मला कळतं. एका पानानं त्यांचं काय बिघडणार! पण नागरबाईची नात जी प्रत उघडेल, ती ही असेल. मी ते पान टेबलावर टाकते, पुस्तक पिशवीत घालते आणि त्यात नावं लिहायला पेन शोधते. एवढ्या बायकांपैकी मला एकीचंच नाव येतं. बाकीची व्यासपीठावर चढायच्या आधी नागरबाईला विचारून घेईन. दोन शब्द बोलायला सांगितलं आहे ना मला? कुलगुरूंना बसू दे ऐकत.