सटवाजीमामा, राजा आणि उकडलेलं अंडं

सटवाजीमामा जनावराकडे आधी कधीच पाहत नसत, मालकाकडे पाहत. पालमच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतरही कुणी म्हैस घेऊन दारात आला, की मामा चष्मा कपाळावर चढवून विचारत, "मालक, तुमी काय खाल्लं सकाळी?" उत्तर मिळालं की मग म्हशीची पाळी.

माझा या माणसावर राग आहे. का, ते सांगतो.

मी पाठीवर पोती वाहून सरकी पेंडीचं दुकान उभं केलं. भाव पाडण्यात तालुक्यात माझा हात कुणी धरणार नाही. लॅब्रेडॉरचं पिल्लूही मी विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात आणलं. त्याचं नाव राजा. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी त्याने अंगणात घाण केली, वळून वास घेतला आणि ती खाऊन टाकली. लगेच ओट्यावर येऊन त्याच तोंडाने त्याने आमच्या व्याह्यांचा गाल चाटला. व्याह्यांनी सगळं पाहिलं होतं.

बायकोने फर्मान काढलं, "सोमवारपर्यंत हे थांबलं न्हाई तर कुत्रं बोरीला, माज्या भावाच्या शेतातल्या आखाड्यावर."

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. मी नुसता घरी आलो म्हणून उड्या मारणारा जीव हा एकच. मी त्या घाणीवर तिखट टाकून पाहिलं, तर राजाने ते मिटक्या मारत संपवलं. परभणी जिल्ह्यात वाढलेलं कुत्रं, त्याला तिखटाचं काय!

शेवटी मी मामांना गाठलं. ते चहाच्या टपरीवर बसले होते. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. मामा गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गू खातंय? मंग तवा तुमी काय करता?"

टपरीवरच्या पाचही माना वळल्या.

"ओरडत धावतो! आरती ओवाळू का?"

"शेठ, जनावरांच्या बाजारात आवडलेल्या बैलाकडं तुमी टक लावून बघता का?"

"कशाला बघीन? भाव चढतो."

"मंग गूवर झडप का घालता? राजाला वाटायलंय, एवढा हुशार मालक पळत येतोय, म्हंजी माल लय भारी हाय. तुमच्या हाताला लागायच्या आदी गिळायलंय बिचारं."

चहावाल्याला हसता हसता ठसका लागला. मी कानात सांगितलेली गोष्ट या माणसाने चव्हाट्यावर मांडली. हाच माझा राग.

संध्याकाळी मामा न बोलावता घरी आले. "खायाला काय घालता?"

"सकाळी एक भाकरी, ताकात कुस्करून."

"एवढ्या धुडाला एक भाकरी? हितं बी भाव पाडलाव व्हय?"

मग त्यांनी मला झाडलं. उपाशी कुत्रं खातं, पोटात जंत असलेलं खातं, दिवसभर रिकामं बांधलेलंही खातं. घरात घाण केली म्हणून मार खाल्लेलं कुत्रं पुरावा नाहीसा करायला शिकतं. (मी मारलं होतं.) तेव्हा दोन वेळा पोटभर खाणं, डॉक्टरांना दाखवून वजनाप्रमाणे जंताचं औषध, रोज फिरवणं. "लोक म्हणत्यात अननस घाला, हे घाला, ते घाला. एखाद्याला लागू पडतं, एखाद्याला न्हाई. खुरपं समद्यांना लागू पडतंय. केलं की उचला!"

आणि बाहेर नेताना गळ्यात साखळी, खिशात उकडलेलं अंडं.

सोमवारी सकाळी मेहुणा दोर घेऊन हजर झाला. मामा बाजेवर बसले. राजाने कार्यक्रम उरकला, वळला आणि नाक खाली नेलं. माझी आरोळी दातांपर्यंत आली.

"बघू नका," मामा पुटपुटले. "माल पसंत न्हाई तुमाला."

मी शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिलो. अंडं पुढे धरून जमेल तितक्या थंडपणे म्हणालो, "सोड, राजा."

"दाजी, टाकी इकत घ्यायलाव का?" मेहुणा खिदळला.

राजाने मालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर त्याचंही मन उडालं असावं. तो शेपूट हलवत अंड्याकडे आला. मी त्याला कुरवाळलं आणि खुरपं घेऊन धावलो.

बायको भावाला म्हणाली, "दादा, च्या घे. अन् जाताना दोर घेऊन जा."

त्यानंतर राजा दोनदा चुकला, पण घरातच राहिला.

मामा आजारी पडले तेव्हा भेटायला गेलो आणि राहवलं नाही. "मामा, टपरीवर बोंब मारायची काय गरज होती?"

मामा हसले. "शेठ, त्या पाचांतल्या तिघांची कुत्री बी खात हुती. लाजंनं कुणी बोलत नव्हतं. तुमचं ऐकून रातच्यालाच आले की माज्याकडं."

मी नावं विचारली. तिघांवरून दोघांवर आलो, दोघांवरून एकावर. मामा एका नावालाही तयार झाले नाहीत. चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या तिसऱ्याला टपरीवरचे पाचही जण आले होते. रडण्यावरून ते तिघं ओळखू येतील म्हणून मी बघत होतो, तर पाचही रडत होते.