हात काढला तरी फिरणारी मोटर

माझे भाऊजी लहानूजी पुलगावात जळलेल्या मोटरी तार गुंडाळून बांधायचे, रेडिओ दुरुस्त करायचे. त्याच्या आधी ते कापसाच्या जिनिंगमधी फिटर होते, ताईबी तिथंच कामाले होती. एकाहत्तर साली त्याईनं मशीनचा खटका पाडला अन् माझ्या ताईले म्हटलं, "बंद केलं, आनंदा. काढ अडकलेला कापूस." मशीन आपल्या जोरानं आणखी दोन फेरे फिरली. ताईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा उरला.

मले लई राग आला होता. मंग काहीच वाटेनासं झालं. त्या घरात कोणी भांडलं नाई, कोणी रडलं नाई. ताई डाव्या हातानं भाकर थापायची, भाऊजी गुमान जेवायचे. तिचं नाव मात्र त्याईनं पुन्हा घेतलं नाई. "ऐकलं का," एवढंच.

ब्याऐंशी साली मिलिटरी कॅम्पातला एक साहेब बदलीवर जाताना भाऊजीले खेळण्यातली शिडाची नाव देऊन गेला. हातातल्या रिमोटच्या डब्याची काडी हलवली की नावेतली मोटर दोरा गुंडाळे अन् शीड आवळे. काडी सोडली की थांबाले पाहिजे. पण ते बेणं थांबेच नाई, हळूहळू रेंगतच राहे.

भाऊजी रोज दुपारी पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताटीमांगं, गारव्यात बसून नावेतला मोटर थांबवायचा बारका स्क्रू जमवायचे. तिथं मोटर चूप. नदीवर नेली की पुन्हा चालू. दोन महिने हेच! मी म्हटलं, "भाऊजी, काऊन त्या भंगाराच्या मांगं लागून राह्यले? कुत्र्याचं शेपूट हाय ते!"

"चंद्रभान, मी बंद म्हटलं की बंद झालं पाहिजे. एकदा तरी."



एक दिवस ताईच म्हणाली, "गारव्यात जमवता अन् उन्हात सोडता. मंग काय होईन?"

भाऊजी नाव घेऊन भर उन्हात अंगणात बसले. गारव्यात जमवलेला स्क्रूचा मेळ गरमीनं सरकत होता, एवढीच गोष्ट. त्याईनं स्क्रू उन्हातच जमवला. काडी जराशी हलली तरी मोटर उठू नये, म्हणून मधात थोडी जागा मोकळी ठेवली.

भाऊजीनं काडी हलवून मोटर फिरवली. ताई जवळ येऊन बसली. तिनं उरलेला अंगठा दोऱ्याच्या फिरत्या चक्रीपाशी नेला. "म्हणा," ती म्हणाली.

 मले वाटलं आता आपल्याले रडू येईन. नाई आलं.

त्याईनं काडी सोडली. "बंद केलं, आनंदा."

ताईनं चक्रीवर अंगठा टेकवला. बराच वेळ काढला नाई.

"हो," ती म्हणाली. "झालं बंद."