ठिबकच्या नळीचा दांडा

काल ठिबकची नळी जोडायला आगीवर शेकली आणि त्या वासानं मी लहानपणीच्या बोरी गावी, मामांच्या अंगणात पोचले. मामेभावाची रिमोटची नवी कोरी गाडी मी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या खुंटांत घातली होती. पुढच्या चाकाचा प्लास्टिकचा दांडा मोडला. आईनं ठिबकच्या नळीचा तुकडा शेकून तिथं बसवला.

तेवढ्यात मामा आले. गाडी उचलून त्यांनी चाक वाकवलं. मी आईच्या मागं सरकले.

"अक्का, लय भारी! वाकायलाय, पण मोडत न्हाई. दुसऱ्या बाजूला बी हाच बसव."

माझा जीव भांड्यात पडला. मामांना कळलंच नाही, असं कितीतरी वर्षं वाटायचं. पण मोडल्याशिवाय नव्या गाडीचा दांडा कोण बदलतं?