आपली माहिती गुप्त राहील

नारायणगावात स्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. आधी तिथं एसटीडी बूथ होता, मग सायबर कॅफे झाला, आता आधार, पॅन, सातबारा. धंदा बदलला, पण बोर्डावरची ओळ तीच: ‘आपली माहिती गुप्त राहील’. असा बोर्ड लावला की किस्से साठणारच! लोकांची गुपितं मी पोटात ठेवतो. पण ज्यात माझी फजिती झाली, ते किस्से चहाच्या टपरीवर माझ्याआधी पोचलेले असतात. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगावेत.

*

बूथच्या काळात मी हौसेनं काचेची केबिन करून घेतली होती. सुतार म्हणाला, “साउंडप्रूफ हाय.” मी गिऱ्हाइकांना तेच सांगायचो.

एकदा निमगाव सावाचे एक गृहस्थ आले. भावासाठी मुलगी बघून आले होते. केबिनचं दार घट्ट लावून त्यांनी मुंबईच्या बहिणीला फोन लावला. लाइन खराब, त्यामुळे सगळं ओरडून चाललं होतं. “घर चांगलंय! मानसं चांगलीयेत! पर पोरगी जरा बुटकी वाटती!”

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले एक म्हातारबाबा उठले. त्यांनी काचेवर टकटक केली.

“पावणं, माझी नात हाय ती. बुटकी न्हाई. तुमी वट्यावर बसला व्हता, ती अंगनात उभी व्हती!”

गृहस्थ घामाघूम. कानाला रिसीव्हर तसाच. शेवटी पुन्हा बहिणीला ओरडून म्हणाले, “अगं, बुटकी न्हाई म्हनत्यात!”

लग्न झालं. मांडवात माझी ओळख ‘मध्यस्थ’ म्हणून करून दिली.

*

पुढं ईमेल आले आणि पासवर्ड आले. पासवर्ड गिऱ्हाइकांचा, आणि लक्षात ठेवायची जबाबदारी माझी! पिंपळवंडीचे किसनभाऊ तर नेहमी फोन करून विचारायचे.

एका लग्नाला गेलो होतो. बँड जोरात. तेवढ्यात किसनभाऊंचा जुन्नरहून फोन. “भाऊ, साहेब समोर बसल्यात. माझा पासवर्ड काय व्हता?”

त्यांना ऐकू जाईना म्हणून मी जीव तोडून ओरडलो, आणि नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

“सुरेखा! एस कॅपिटल! सुरेखा!”

बायकांच्या पंगतीत किसनभाऊंच्या मिसेस बसल्या होत्या. त्यांचं नाव मंगल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात हजर. किसनभाऊंनी मला हातच जोडले. “सांगा राव हिला, सुरेखा आपली म्हैस हाय!”

मी साक्ष दिली. वहिनींनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. “लई भारी. घरात राबायचं मी, आन पासवर्ड म्हशीचा!”

मी तिथल्या तिथं पासवर्ड बदलायला घेतला. ‘मंगल’ टाईप करत होतो. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या.

“तिचं एक अक्षर कॅपिटल व्हतं ना? माझी सगळी करा!”

*

एवढ्या अनुभवामुळं असेल, आंबेगाव तालुक्यातल्या एका गावानं मला ‘माहितीची सुरक्षा’ या विषयावर बोलायला बोलावलं. शाल, नारळ, माईक. मी रंगात आलो होतो. “सख्खा भाऊ असला तरी ओटीपी सांगायचा नाही! समोरचा कितीही गोड बोलू दे!”

तेवढ्यात खिशात फोन वाजला. “सर, घरी सिलेंडर आणलाय. कोड सांगा.”

मी मेसेज उघडला आणि कोड घडाघडा वाचून दाखवला. माईकवर!

मंडपात असा हशा पिकला की नारळ टेबलावरून घरंगळला. मी म्हणालो, “अहो, हा गॅसचा होता! खरा होता!”

पुढच्या रांगेतले एक आजोबा हळहळून म्हणाले, “फसलेला परत्येक मानूस ह्येच म्हनतो, भाऊ.”

*

आमचं शेत पिंपळवंडीला. बिबट्याच्या भीतीनं मी तिथं कॅमेरा बसवला आणि ॲप बायकोच्या, सुनंदाच्या, मोबाईलमध्ये टाकून दिलं. वर तिला ऐकवलं, “आता शेतात पाखरू फिरलं तरी घरबसल्या दिसेल.”

डॉक्टरांनी माझं तेलकट बंद केलं होतं. एका दुपारी ‘पाण्याची मोटर बघून येतो’ म्हणून मी शेतावर गेलो. शेजारचा बबन गरम भजी घेऊन आला. बांधावर बसलो. पहिलं भजं संपलं, दुसरं संपलं, तिसऱ्याला हात घातला.

वरून आवाज आला, “पुरे झालं!”

बबन भजी टाकून उसातनं पळाला. गावात त्यानं सांगितलं, शेतात बाईचं भूत हाय. मी वर बघितलं. कॅमेऱ्यात स्पीकरपण असतो, हे मला माहीत होतं. सुनंदानं तो शोधून काढलेला मला माहीत नव्हतं.

बिबट्या त्या कॅमेऱ्यात अजून आलेला नाही. मी रोज येतो.

*

आणि ही हिराबाईंची गोष्ट. धरणाच्या पल्याड, डोंगरात त्यांची भातशेती. सुनेला घेऊन दुकानात आल्या. रेशनचं मशीन त्यांचा अंगठा घेत नव्हतं. कार्डावरचं नाव कटणार होतं.

मी दहाही बोटं लावून बघितली. पुसून, धुऊन, क्रीम लावून. मशीन लालच.

“मावशी, लावणी करून करून ठसेच झिजलेत तुमचे.”

सून रडकुंडीला आली. “आता धान्य बंद व्हनार का?”

हिराबाई मात्र हात उलटसुलट करून बघत होत्या. “म्हंजी मी कोन हाय, ते सरकारला कळतच न्हाय?”

“या मशीनला तरी नाही.”

“मी कुटं गेले, काय केलं, तरी?”

“नाही.”

त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. “लगीन झालं तवा सासूची नजर. मंग दिराची, मंग गावाची. आता मी कुटं हाय ते पोराला मोबाईलात दिसतं म्हनं.” आणि खळखळून हसल्या. “चहा सांग बाबा!”

चहा येईस्तोवर मी डोळ्यांचं मशीन काढलं. पुसलं, जोडलं. “मावशी, ह्यात बघा. डोळे मोठे करा.”

हिरवा दिवा लागला. मी आनंदानं ओरडलोच, “ओळखलं! मावशी, ओळखलं तुम्हाला!”

सुनेनं देवाला हात जोडले. हिराबाईंनी मशीन खाली ठेवलं, चहाचा ग्लास उचलला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,

“घावले व्हय शेवटी?”