रिकाम्या पिंजऱ्याची वही

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. एंगकुस सुतार्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून तापमापक वाचत होता. वरच्या फांदीपाशी साडेएकोणतीस, खालच्या फांदीपाशी सव्वीस. ओलावा अठ्ठ्याहत्तर टक्के. आकडे त्याने वहीत उतरवले आणि समासात दिवस लिहिला: चाळीस.

चाळिसावा म्हणजे शेवटचा. दहा वाजता अबा सार्किम येणार होते. त्यांना सगळं पटलं तर त्यांच्या हिरव्या अजगराची मादी आजपासून या पिंजऱ्यात राहणार होती.

अबा सार्किम रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले. झाडावर राहणारे हिरवे अजगर त्यांनी वीस वर्षं रीतसर कागदपत्रांनिशी पाळले. आता मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवारी आणि गुरुवारी ते यंत्राला जोडलेले असतात. सुकाबुमीला राहणारी मुलगी त्यांना घेऊन जाणार आहे. वडील चालतील, अजगर चालणार नाहीत, असं तिने स्पष्ट सांगितलंय. चारांपैकी तीन त्यांनी माणसं पारखून दिले. राहिली ती सहा वर्षांची मादी.

जनावर द्यायची त्यांची एकच अट असते. आधी पिंजरा चाळीस दिवस रिकामा चालवायचा. दिवा, पाणी, फांद्या, सगळं आत अजगर असल्यासारखं. दिवसातून तीनदा आकडे लिहायचे. या मादीसाठी पाच जण आले होते. चौघांनी पहिल्या आठवड्यातच नाद सोडला. रिकाम्या खोक्यावर पाणी फवारत बसायला माणूस तसाच लागतो.

एंगकुस तसा होता. वय एक्केचाळीस. इंडोनेशियातल्या बोगोर शहराच्या कडेला चिओमासमध्ये जन्म, तिथेच बाराव्या वर्षी बापाशेजारी बसून सोल कापायला सुरुवात. चिओमासमध्ये घराघरांत चपला होतात. पुढची खोली कारखाना, मागची खोली घर. एंगकुस सोल कापतो, पट्टे फर्म्यावर ताणतो, तयार माल पोचवतो. त्याची बायको निनिंग सोल्युशन लावून सोल चिकटवते. ते काम बसून, दिवसभर, एकाच जागी.

गेल्या वर्षी त्याने जकार्ताच्या बाजारातून एक झाडावरचा बोआ साप आणला होता. दक्षिण अमेरिकेतला, बारीक, करड्या रंगाचा. सात आठवडे जगला. शेवटी शेवटी तोंड उघडं ठेवून फांदीला लटकायचा, नाकातून बुडबुडे यायचे. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं गेली, गार वारा लागला असेल. एंगकुसने त्यातला गार वारा तेवढा डोक्यात धरला.

म्हणून या वेळी त्याने पिंजरा घरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवला, पुढच्या खोलीत. तिथली एकुलती एक खिडकी प्लास्टिक लावून चिकटपट्टीने बंद केली. दाराखालच्या फटीत फोम कोंबला. फांद्या पेरूच्या घेतल्या, अजगराच्या अंगाइतक्या जाड, आडव्या, कारण हे जनावर फांदीवर वेटोळं टाकून मधोमध डोकं ठेवून बसतं आणि फांदी हलली तर दिवसचे दिवस खात नाही. चाळीस दिवसांत एकही फांदी हलली नव्हती.

"आपल्या लग्नाला एवढी तयारी नव्हती," निनिंग कालच म्हणाली होती.

"लग्नात तू पळून जाणार नव्हतीस."

"कांग, ते तुम्हाला वाटत होतं." नवऱ्याला ती कांग म्हणायची.

शेजारची च्यु इयोह भिंतीवरून रोज विचारायची, "काय रे एंगकुस, जावई आला का?" पिंजऱ्याला ती जावयाची खोली म्हणायची.

दहाला पाच मिनिटं कमी असताना अबा दुचाकीच्या मागच्या सीटवरून उतरले. पाय सुजलेले. हातात झाकणाची बादली, तिच्यात सुती पिशवी, पिशवीत मादी. एंगकुस बादली घ्यायला पुढे झाला.

"थांब. आधी घर," अबा म्हणाले.

ते उंबऱ्यावर आले आणि तिथेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला, मागे फिरले, बादलीतली पिशवी काढली आणि बाहेर अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगली.

"अहो, माझ्या धुण्याजवळ नको!" च्यु इयोह ओरडली.

"बांधलीय घट्ट. तुमच्या परकरात तिला काही रस नाही," अबा म्हणाले आणि पुन्हा आत आले.

निनिंगने हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि बसायला स्टूल दिलं. तिच्या पायात एकच सपात होती. दुसरी मोरीपाशी निसटून पडली होती.

"हा वास केव्हापासून आहे?" अबांनी विचारलं.

"कसला वास?" एंगकुस म्हणाला.

अबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याने खरोखरच नाकाने दोनदा हवा ओढली, कोपऱ्यात जाऊन ओढली, पिंजऱ्याचं दार उघडून आत डोकं घालून ओढली.

"अबा, आत तर ओल्या लाकडाचा वास आहे."

"तुझ्या बायकोसमोर डबा उघडा आहे."

"ते सोल्युशन. ते असतंच."

अबांनी हात पुढे केला. "वही दे."

वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली, मधलं काही न गाळता. अर्धा तास गेला. निनिंगने कॉफी आणली; अबांना दिवसाला मोजून पाणी होतं, त्यांनी एक घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला.

"दुपारचे आकडे कोण लिहितं?"

"ही. मी तेव्हा माल द्यायला जातो."

"नेंग, शाळा किती झाली?" अबांनी निनिंगकडे वळून विचारलं.

"नववी, अबा. अक्षरासाठी बक्षीस होतं मला." निनिंग हसली. "आता विचारू नका."

अबांनी वही जमिनीवर उलगडून ठेवली. तिसऱ्या दिवशीचे दुपारचे आकडे छापल्यासारखे होते. सतराव्या दिवशीच्या 8 चं वर्तुळ उघडंच राहिलं होतं. काल दुपारचा आकडा 70 होता की 90, हे कळत नव्हतं. एकतिसाव्या दिवसापुढे एंगकुसच्या अक्षरात एक ओळ होती: निनिंगला फवाऱ्याचा खटका दाबता येत नाही, पाणी मी देतो.

"खिडकी कधी बंद केलीस?"

"पहिल्याच दिवशी. वारा नको म्हणून."

"उघड."

निनिंग खिडकीच्या सगळ्यात जवळ होती. ती उठली आणि चिकटपट्टीचं टोक नखाने शोधायला लागली. बोटं टोकावरून तीन वेळा गेली, पण ते हाताला लागलं नाही. "बोटांना मुंग्या आल्यात. बसून बसून," ती म्हणाली. एंगकुसने तिला बाजूला केलं आणि पट्टी ओढून काढली.

"तुझा बोआ गारठ्याने नाही गेला," अबा म्हणाले. "सोल्युशनच्या या हवेत माझी मादीसुद्धा दोन महिने काढेल. फार तर तीन."

"पिंजरा मागच्या खोलीत नेतो."

"मध्ये दार आहे?"

"पडदा आहे."

अबांनी पडद्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"अबा, चाळीस दिवस..." एंगकुसचा आवाज चढला. "एक आकडा खोटा नाही त्यात. हवं तर हिला विचारा."

"वहीत खोट नाही. इतकी चांगली वही मला कोणी दिली नाही. मी घरातून निघालो तेव्हा जनावर ठेवूनच परत येणार होतो. मुलगी रविवारी न्यायला येतेय. माझ्याकडे दुसरा माणूस नाही." ते भिंतीला धरून उठले. "पण इथे नाही ठेवता येत."

"इथे आम्ही राहतो," निनिंग म्हणाली.

अबा दारात थबकले. "मला सापांतलं कळतं, नेंग. माणसांतलं कळत नाही. पण तू दवाखान्यात जा. जाताना ही वही घेऊन जा. डॉक्टरला दुपारचे आकडे दाखव."

त्यांनी पेरूवरची पिशवी उतरवली, हात खाली धरून वजन पाहिलं, बादलीत ठेवली. रविवारपर्यंत कोणी मिळालं नाही तर मादी वनखात्याच्या ताब्यात द्यायची, असं त्यांनी एंगकुसला सांगितलं. दुचाकीवर बसताना त्यांना पाय टाकायला एंगकुसने आधार दिला. दोघांनी एकमेकांकडे न बघताच निरोप घेतला.

"जावई परत चालला?" च्यु इयोहने विचारलं. आणि ती कपडे उचलून आत गेली.

खिडकी दोन तास उघडी राहिली. बोगोरमध्ये दुपारी पाऊस यायचा तो आला. हवा ओली झाली की सोल्युशनवर पांढरी साय धरते आणि सोल नीट बसत नाही. गेल्या वर्षी काम देणाऱ्या मुकादमाने असा सगळा माल परत पाठवला होता. आजच्या वीस जोडांच्या सहा कोड्या अजून बाकी होत्या. निनिंगने लावलेले चार जोड दाबून पाहिले. चारही टाचेपाशी सुटले.

"लावा खिडकी," ती म्हणाली.

"राहू दे थोडा वेळ."

"कांग, पावसात चिकटणार आहे का ते?"

एंगकुसने खिडकी लावली. चिकटपट्टी मात्र लावली नाही. गोळा करून टाकून दिली. मग मोरीपाशी जाऊन तिची सपात आणली आणि तिच्या पायाजवळ ठेवली. निनिंगने पाय आत सरकवला, तो नीट गेला की नाही हे वाकून बघितलं आणि ब्रश उचलला.

वही पिंजऱ्यावरच आहे. आतला दिवा टायमरवर आहे आणि टायमर कोणी काढलेला नाही, त्यामुळे उद्या गुरुवारी सकाळी सहाला तो आपोआप लागेल. साडेसहाला नवे सोल घेऊन मुकादमाची गाडी येते आणि गाडी आली की निनिंगला डबा उघडून बसावं लागतं. सरकारी दवाखान्यात टोकनं सातपासून मिळतात, तीस दिली की खिडकी बंद होते.