मंगलताईंचा टेबलफॅन

गेल्या गुरुवारी भर दुपारी दुकानात मी जो शहाणपणा केला, तो आठवला की अजून कान गरम होतात...

ईट गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी. त्यावर बसतात आमच्या मंगलताई. दोन वर्षांत त्यांनी भरलेला एकही फॉर्म चूक निघून परत आलेला नाही.

दसरा झाला आणि हा डबा सारखा बंद पडायला लागला. मंगलताई दोनदा म्हणाल्या, "सर, लई तापायलंय हे. आतून किरकिर येतीय, एकदा खोलून बघा की." मी कसला बघतोय! ऊनच तसलं आहे, म्हणून विषय संपवला.

गुरुवारी एका आजोबांचा फॉर्म भरत आला होता, आणि तो शेवटचा दिवस. सबमिट दाबणार तेवढ्यात स्क्रीन काळी... मागं पाच-सहा जण लाईनीत. माझं डोकंच फिरलं. त्यात बघतो तर टेबलफॅन कॉम्प्युटरकडं वळवलेला आणि मंगलताई घामाघूम.

"वारा माणसाला लागतो, मशीनला नाही! काहीतरी उलटसुलट दाबता म्हणून बंद पडतंय. जमत नसेल तर घरी बसा."

सगळ्यांदेखत बोललो हे. ताईंनी आजोबांचा फॉर्म स्वतःच्या मोबाईलवर भरून दिला, पर्स उचलली आणि गेल्या. शुक्रवारी आल्याच नाहीत.

मग मीच बसलो. फॅन माझ्याकडं वळवला... दहा मिनिटांत डबा बंद. म्हणजे इतके दिवस तो ताईंच्या वाटच्या वाऱ्यावर चालत होता!

स्क्रू काढून झाकण उघडलं. आतल्या फॅनच्या पात्यांत कुंकवाच्या अक्षता, हळदीचा थर आणि झेंडूची वाळकी पाकळी. खंडेनवमीला पूजा करताना वरच्या जाळीवर मूठभर ओल्या अक्षता मीच वाहिल्या होत्या की हो! वर ताईंना म्हणालो, उलटसुलट दाबता... लाज वाटली स्वतःची.

ब्रशनं सगळं साफ केलं, चिप गार ठेवणारी थर्मल पेस्ट नवी लावली. मशीन गार पडलं, मला मात्र घाम फुटला होता.

संध्याकाळी ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. "चालायलंय नव्हं आता? मग झालं. सोमवारी येते."

निघताना मात्र हळूच म्हणाल्या, "त्या लाईनीत माझे व्याही हुभे होते, सर."

घरापर्यंत गाडी कशी चालवली, माझं मला माहीत. अपमान चारचौघांत केला आणि माफी मागितली बंद दाराआड...

त्या दिवशी लाईनीत असलेले बरेच जण हे वाचतील, म्हणून इथं लिहितोय. मंगलताईंची काहीच चूक नव्हती. सगळी माझी होती. ताई, आता सगळ्यांसमोर हात जोडतो... माफ करा.